गैरहजर कौन्सिलरचं काम कोणाकडे?

श्रोतेहो, नमस्कार.

टाउन कौन्सिलमधला, म्हणजे गावाच्या स्थानिक कारभार मंडळातला, तुमच्या वॉर्डाचा कौन्सिलर आजारी पडला, किंवा आईच्या शस्त्रक्रियेसाठी चार महिने पुण्याला गेला, तर त्याचं काम कोणाकडे द्यायचं? इंग्लंडमध्ये आपली जी मंडळी कौन्सिलमध्ये बसतात किंवा बसू इच्छितात, त्यांना हा प्रश्न आज ना उद्या गाठतोच. पटकन सुचतं ते असं, की शेजारच्या वॉर्डातल्या सहकाऱ्याकडे सोपवून टाका. कायद्याला ते चालत नाही. का चालत नाही, हे हिलिंग्डनच्या खटल्यावरून जेवढं स्वच्छ कळतं तेवढं दुसऱ्या कशावरून कळत नाही. म्हणून आधी तो ऐका.

हिलिंग्डन ही लंडनच्या पश्चिम टोकाची बरो, म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेला शहराचा विभाग. हीथ्रो तिथेच. मुंबईहून निघालेलं आपलं विमान टेकतं ते याच कौन्सिलच्या हद्दीत. गोष्ट १९८० च्या दशकातली. या कौन्सिलने आपल्या स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे कामकाजाच्या नियमांत, एक सोय करून ठेवली होती. काम तातडीचं असेल तर प्लॅनिंग समितीच्या अध्यक्षाने समितीच्या वतीने निर्णय घ्यावा. सोय कामाची होती, हेतूही चांगला होता. नियमबाह्य बांधकामं आणि जमिनीचा नियमबाह्य वापर यांवर नोटिसा काढायच्या तर समितीच्या सभेची वाट बघत बसणं जिवावर येतं. तशा नोटिसा निघाल्या, अध्यक्षाच्या एकट्याच्या निर्णयावर.

ज्यांच्यावर निघाल्या त्यांनी अपील केलं. नोटीस बरोबर की चूक हा वाद बाजूलाच राहिला. प्रश्न आला, नोटीस काढायचं ठरवलं कोणी? पर्यावरण मंत्र्यांनी नोटिसा अवैध धरल्या आणि कौन्सिल हायकोर्टात गेली. समोर होते न्यायमूर्ती वुल्फ, जे पुढे लॉर्ड चीफ जस्टिस झाले. त्यांनी १९७२ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टचं कलम १०१ समोर ठेवलं. कौन्सिल आपलं काम कोणाला देऊ शकते? समितीला, उपसमितीला, अधिकाऱ्याला, किंवा दुसऱ्या कौन्सिलला. यादी इथे संपते. एकटा कौन्सिलर त्या यादीत नाही.

कौन्सिलचं म्हणणं होतं, अध्यक्षालाच एका माणसाची समिती समजा. न्यायमूर्तींनी नकार दिला. या कायद्यातल्या समितीत एकाहून जास्त माणसं हवीतच. १९८६ मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम केलं. आपल्या भाषेत तर हे शब्दातच आहे. सम् म्हणजे एकत्र, इति म्हणजे येणं. एकत्र आल्याशिवाय समिती कसली?   

तर पुन्हा सांगायचं म्हणजे, एकट्या कौन्सिलरला निर्णयाचा अधिकार देता येत नाही. २००० च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टनंतर मोठ्या कौन्सिलांत कॅबिनेटचा, म्हणजे कारभार पाहणाऱ्या छोट्या मंडळाचा, सदस्य एकटा निर्णय घेऊ शकतो, हे खरं. पण टाउन कौन्सिल आणि ग्रामपंचायतीसारखी पॅरिश कौन्सिल यांना ती व्यवस्था लागू नाही. त्यांच्यासाठी हिलिंग्डनचा निकाल आजही जसाच्या तसा उभा आहे.

मग वाट कोणती? अधिकाऱ्याची, म्हणजे क्लार्कची. क्लार्क म्हणजे साधा कारकून नव्हे, कौन्सिलचा नेमलेला अधिकारी. मैदानातला झोपाळा तुटला, मूल पडेल, आजच दुरुस्ती हवी. क्लार्कने अध्यक्षांचा सल्ला घ्यावा आणि निर्णय स्वतः करावा. तेवढा अधिकार आणि खर्चाची मर्यादा कौन्सिलने आधीच ठरवून दिलेली असावी. नोंदीत ‘अध्यक्षांनी मंजूर केले’ असं लिहू नका. ‘क्लार्कने अध्यक्षांशी बोलून ठरवले’ असं लिहा. निर्णय कोणी घेतला, या एका मुद्द्यावरच हिलिंग्डन हरली.

गैरहजर कौन्सिलरच्या समितीतल्या जागेसाठी स्टँडिंग ऑर्डर्समध्ये पर्यायी सदस्याची तरतूद करता येते. त्याचं नाव कौन्सिलने आधी ठरवलेलं हवं आणि तो येणार हे क्लार्कला सभेपूर्वी कळवलेलं हवं. मग तो त्या समितीत मत देऊ शकतो. पूर्ण कौन्सिलच्या सभेत मात्र पर्यायी माणूस चालत नाही. मत उसनं देता येत नाही. व्हिडिओवरूनही देता येत नाही, कोविडकाळातली ती सवलत ७ मे २०२१ ला संपली. अध्यक्ष नसतील तर उपाध्यक्ष, तेही नसतील तर हजर सदस्य आपल्यातून एकाला सभेपुरता अध्यक्ष निवडतात. गणपूर्ती एक तृतीयांश, पण तिघांपेक्षा कमी कधीच नाही.

आता सगळ्यात जास्त घात होतो तो मुद्दा. सहा महिने. शेवटच्या हजेरीपासून सलग सहा महिने कुठल्याच सभेला न आल्यास जागा जाते. समितीच्या सभेला सदस्य म्हणून लावलेली हजेरीही मोजली जाते, तेवढ्यानेही वाचता येतं. नाहीतर गैरहजेरीचं कारण कौन्सिलने मंजूर करायला हवं, तेही मुदत संपण्याआधी. नंतर केलेली मंजुरी फुकट. ‘दिलगिरी कळवली’ एवढी नोंद म्हणजे मंजुरी नाही. शेवटची हजेरी १० जानेवारीची असेल तर जुलैच्या सभेची वाट बघू नका, मे महिन्यातच स्वतंत्र विषय म्हणून अजेंड्यावर घ्या. अजेंडा सभेआधी पूर्ण तीन दिवस लागतो आणि त्यात रविवार धरत नाहीत. तो सूचनाफलकावरही लागतो. 

जागा गेलीच तर रिक्त जागेची नोटीस लागते. सुट्ट्या वगळून १४ दिवसांत दहा मतदारांनी मागणी केली तर पोटनिवडणूक, नाहीतर कौन्सिल स्वतः सदस्य घेते.

जाणाऱ्याने निघण्यापूर्वी करायची कामं. बँकेत कौन्सिलच्या वतीने सही करू शकणारे चार जण असावेत, दोन नव्हे. दोघांतला एक भारतात गेला की माळ्याचं बिलही अडतं आणि नवीन सही नोंदवायला बँक आठवडे लावते. सभागृहाच्या आणि अलॉटमेंटच्या (रहिवाशांना भाजीपाल्यासाठी भाड्याने दिलेल्या जमिनीच्या) किल्ल्या क्लार्ककडे, पावती घेऊन. ईमेलचा पासवर्ड सहकाऱ्याला देऊ नका, त्यात रहिवाशांची खासगी पत्रं असतात. त्याऐवजी आपोआप जाणारं उत्तर लावा, त्यात क्लार्कचा पत्ता आणि परतीची तारीख द्या.

नमस्कार.