उडी मारली की धून कुठे जाते? मारिओच्या आवाजाची गोष्ट

[पडद्यावर: पहिली लेव्हल. उडी, नाणं, पुन्हा उडी.]

हा तुकडा पुन्हा ऐका. मारिओ उडी मारतो त्या क्षणी संगीतातला एक सूर गळून पडतो.

१९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अख्खा ४० केबीत बसला होता. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम-यंत्राच्या साउंड चिपमध्ये चॅनेल, म्हणजे एका वेळी एकच आवाज काढणाऱ्या वाटा, पाच: दोन पल्स आणि एक ट्रँगल (ही लहरींच्या आकारांची नावं), एक नॉइज (नुसती खरखर) आणि पाचवा रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांसाठी. संगीतकार कोजी कोंडो यांनी धून आणि तिची जोड पल्सवर ठेवली, बेस ट्रँगलवर, ताल नॉइजवर. ट्रँगलचा आवाज लहानमोठा करता येत नाही. तो चालू असतो किंवा बंद, म्हणून बेसला उठाव द्यायचा तर सूर तोडून किंवा लांबवूनच.

उडीसाठी वेगळा चॅनेल उरलाच नव्हता. उडी एक पल्स उसना घेते, नाणं दुसरा. संगीताची मोजणी मात्र आत चालूच राहते, त्यामुळे गेलेला सूर परततो तो नेमक्या जागी. आणि मधल्या वेळात बेस थांबत नाही, म्हणून कानाला खड्डा जाणवत नाही.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे अनेकांनी ही धून ऐकली ती नकली फॅमिकॉमवर, ‘कॅसेट’ घालून. अशा बऱ्याच यंत्रांत पल्सच्या रुंदीचे, म्हणजे लहरीचा किती भाग ‘चालू’ असतो त्याचे, २५ आणि ५० टक्के हे पर्याय अदलाबदल झालेले असत. स्वर बरोबर, पण जिथे पातळ, नाकातला आवाज हवा तिथे पोकळ आवाज यायचा.

[पडद्यावर: ‘सुपर मारिओ वर्ल्ड’, १९९०.]

फॅमिकॉमच्या पुढच्या यंत्रात, सुपर फॅमिकॉममध्ये, आठ चॅनेल आले आणि आवाजासाठी ६४ केबी मेमरी. इथे आवाजाचे १६ नमुने, म्हणजे लहरीची क्षणाक्षणाची मापं, ९ बाइटमध्ये दाबले जातात. तरीही ३२ किलोहर्ट्‌झनं, म्हणजे सेकंदाला ३२ हजार नमुने असं साठवलं, तर साडेतीन सेकंदांतच मेमरी भरते. शिवाय प्रतिध्वनी त्याच मेमरीतून जागा खातो, दर १६ मिलिसेकंदांना २ केबी. मग वाद्याचा एकच आघात साठवायचा आणि त्याची शेपटी लूप करायची, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायची. लूप १६ नमुन्यांच्या पटीत बसला नाही, तर सूर सरकतो किंवा ‘टक्’ ऐकू येतं.

मारिओ योशी या डायनासोरवर बसला की वाजणारे बोंगो हा आमच्या मते या मालिकेतला सर्वांत देखणा निर्णय. बोंगोचा ट्रॅक आधीपासून धुनेसोबत धावत असतो, फक्त मुका. योशीवर बसताच तो उघडतो. ऐन वेळी सुरू केला असता, तर ताल चुकला असता.

१९९६च्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये हीच युक्ती जॉली रॉजर बे या पाण्याच्या लेव्हलमध्ये दिसते. पाण्यावर इलेक्ट्रिक पियानो, बुडी मारली की तंतुवाद्यं, गुहेत शिरलं की ड्रम.

[पडद्यावर: ‘सुपर मारिओ गॅलेक्सी’, २००७.]

माहितो योकोता आणि कोंडो यांनी इथे खरा वाद्यवृंद आणला. पण ध्वनिमुद्रण लवचीक नसतं. मोठ्या चेंडूवर तोल सांभाळत घरंगळायच्या लेव्हलमध्ये चेंडू वेगानं गेला की धूनही धावते, तो रेंगाळला की तीही रेंगाळते. तिथे वादक नाहीत. तिथे सूर पुन्हा यंत्रच वाजवतं.