देवदूताला खोटं बोलता येतं का?

नमस्कार मंडळी. आधी हा कागद बघा. माझ्या मित्राची कॅरेक्टर शीट आहे, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्र वठवायच्या खेळातल्या त्याच्या पात्राची नोंद. खेळ ‘इन नॉमिने’, पात्र देवदूताचं, त्यातही सेराफ या प्रकारच्या देवदूताचं. इथे कडेला पेन्सिलीने एक आकडा लिहिलाय, दिसतोय? एक. हा एक तिथे कसा आला ते सांगण्यासाठी आजचा व्हिडिओ आहे, पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

असाच पात्रं वठवायचा खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली आला, तेव्हाच त्याच्या नियमांत एक सुंदर गोष्ट होती. खेळाडूला ड्रॅगन व्हायचंय? खुशाल व्हा. फक्त लहान ड्रॅगनपासून सुरुवात करा आणि बाकीच्यांसारखे पायरी पायरीने वर चढा. आणि त्याच पुस्तकात ड्वॉर्फ, म्हणजे बुटक्या जमातीतल्या, योद्ध्याला सहाव्या लेव्हलवर थांबवलं होतं! माणसाला मात्र अशी मर्यादा नाही. पुढे 1981 च्या नियमांत ड्वॉर्फ बारापर्यंत गेला, एल्फ दहावर अडकला. शेकडो वर्षं जगणारा एल्फ दहाव्या लेव्हलनंतर काही शिकतच नाही, हे मला कधीच पटलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: एखादं अमानवी पात्र किती स्वतंत्र आहे हे बघायचं असेल, तर त्याची कहाणी बाजूला ठेवा आणि त्याच्या प्रगतीचे नियम उघडा.

व्हॅम्पायर घ्या. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची साडेतीनवी आवृत्ती, 2003. तुमचा पाचव्या लेव्हलचा योद्धा व्हॅम्पायर झाला की लेव्हल अ‍ॅडजस्टमेंट अधिक आठ, म्हणजे त्याच्या लेव्हलमध्ये आठ मिळवायच्या, हिशोबाला तो तेराव्या लेव्हलचा. पुढची लेव्हल हवी तर चौदाव्याइतके एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, आणा. स्वभावाच्या रकान्यात छापलेलं असतं, कायम दुष्ट. आणि ज्याने त्याला व्हॅम्पायर केलं, तो नष्ट होईपर्यंत याने त्याच्या हुकमात राहायचं. आता सांगा, खेळाडूने ठरवायचं काय? शत्रू म्हणून हा व्हॅम्पायर उत्तम आहे. पण त्याच्या जागी बसून खेळायला गेलात, की सगळे निर्णय आधीच झालेले असतात.

‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ 1991 चा. तिथे माणुसकीलाच आकडा आहे, दहापासून शून्यापर्यंत. पाप केलं की फासे टाकायचे, पश्चात्ताप झाला नाही की आकडा घसरतो. शून्यावर पोचलात की पात्र तुमच्या हातून जातं, ते स्टोरीटेलरचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं, होतं. आणि वर जाण्याची वाट बघा. पिढी मोजायची पहिल्या व्हॅम्पायरपासून. तेराव्या पिढीच्या व्हॅम्पायरचा ताकद, कौशल्य असा कुठलाही गुण पाचाच्या वर जात नाही. त्याहून वर जायचं तर आपल्याहून जुन्या पिढीच्या व्हॅम्पायरचं रक्त आत्म्यासकट पिऊन टाकायचं. पिढी वर सरकते आणि माणुसकी खाली येते. हा नियम मला ग्रेट वाटतो, कारण मोह आणि प्रगती एकाच घोटात आहेत, आणि तो घोट घ्यायचा की नाही हे खेळाडूने ठरवायचं.

माणूस नसलेल्यालाही प्रगतीसाठी स्वतः काही करावं लागतं, ही कल्पना आपल्याला परकी नाही. स्वर्ग ही भोगभूमी, पृथ्वी ही कर्मभूमी, आणि देवांनाही मृत्युलोकात जन्म हवासा वाटतो, हे कीर्तनात आपण ऐकत आलोय. स्वर्गात पुण्य खर्च होतं. कमवायचं असेल तर खाली यावं लागतं. एक्सपी फक्त खालीच मिळतात म्हणा ना.

आता हा कागद. ‘इन नॉमिने’ इंग्रजीत 1997 साली आला, मूळ खेळ फ्रेंच. त्यात विश्व म्हणजे एक सिंफनी, सुरांची एक मोठी रचना. सेराफ हे सत्याचे देवदूत. त्यांना खोटं बोलता येतं का? येतं! नियम त्यांची जीभ धरत नाही. पण खोटं बोललात की अंगात डिसोनन्स येतो, आम्ही टेबलवर त्याला बेसूर म्हणतो. बेसूर साचत गेला तर पतन, आणि पडलेला सेराफ बालसेराफ होतो, म्हणजे खोटं खरं म्हणून गळी उतरवणारा सैतान.

हा एक लिहिला गेला त्या रात्री मी गेम मास्टर होतो, म्हणजे खेळ चालवणारा. मित्राचा सेराफ एका जुन्या इमारतीच्या जिन्यात उभा, वर माळ्यावर एक पोरगी लपलेली. सैतानाचा माणूस समोर येऊन विचारतो, “वर कोण आहे?”

मित्र गप्प. हातात फासे होते, ते त्याने खाली ठेवले. मला विचारलं, “गप्प राहिलो तर?” मी म्हटलं, “तर तो वर जाऊन बघेल.” बाकीच्या तीन खेळाडूंपैकी कोणी काही सुचवलं नाही.

मग तो म्हणाला, “वर कोणी नाही.” मी काही बोलायच्या आत पेन्सिल घेऊन त्याने स्वतःच हा एक लिहिला.

तुम्ही घरी खेळ चालवत असाल तर एवढं करून बघा. देवदूत असो, यक्ष असो, वेताळ असो, त्याच्या शीटवर ‘हे करू शकत नाही’ असं लिहू नका. ‘हे केलं तर काय मोजावं लागेल’ ते लिहा. आणि ती किंमत प्रगतीशी जोडा, तरच ती खेळाडूला जाणवते.

माझ्या मित्राचा सेराफ डॉमिनिकच्या सेवेत आहे, न्यायाचा महादूत. नवीन शक्ती द्यायची की नाही, हे ठरवणारा तोच. येत्या शनिवारच्या खेळात मित्राच्या सेराफला त्याच्यासमोर उभं राहायचंय, आणि तो पहिला प्रश्न या आकड्याबद्दलच विचारणार आहे. मित्राने उत्तर काय ठरवलंय, ते मला अजून सांगितलेलं नाही.