स्पिटफायरच्या पंखातील तुळई

उड्डाण चालू असताना विमानाचा सारा भार पंख पेलतात आणि त्या उचलीमुळे त्यांची टोके वरच्या बाजूला वाकू पाहतात. हे वाकणे आवरते ती पंखाच्या आतून मुळापासून टोकापर्यंत जाणारी तुळई, म्हणजेच स्पार. तुळई जाड केली की ताठरता वाढते, पण वजनही वाढते, आणि लढाऊ विमानाला ते परवडत नाही.

५ मार्च १९३६ रोजी इंग्लंडमधील ईस्टली येथून पहिल्यांदा उडालेल्या सुपरमरीन कंपनीच्या स्पिटफायर या लढाऊ विमानात हा पेच अधिकच अवघड झाला होता. रचनाकार आर. जे. मिचेल यांना वेगासाठी पातळ पंख हवा होता. मुळाशीही त्याची जाडी रुंदीच्या जेमतेम १३ टक्के होती. तुळईच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांमधील अंतर निम्मे केले, तर तेवढ्याच धातूतून मिळणारी ताठरता चौथ्या हिश्शावर येते. अधिक मजबूत मिश्रधातू घेऊनही येथे फारसा लाभ होत नाही, कारण ॲल्युमिनियमचे निरनिराळे मिश्रधातू वेगवेगळ्या भाराला तुटत असले, तरी समान भाराखाली जवळजवळ सारखेच वाकतात. म्हणून असलेला धातू नेमका कोठे ठेवायचा, यावरच सारे अवलंबून होते.

पडद्यावर दिसतो आहे तो तुळईचा मुळाजवळचा छेद. वर एक आणि खाली एक असे दोन भरीव भासणारे चौकोनी दांडे आहेत आणि त्यांना जोडणारा मधला पत्रा पातळ आहे, कारण वाकण्याचा ताण सर्वांत जास्त वरच्या आणि खालच्या कडांवर येतो. प्रत्येक दांडा मात्र अखंड नाही. स्वयंपाकघरातील एकात एक बसणाऱ्या डब्यांप्रमाणे त्यात पाच चौकोनी नळ्या बसवलेल्या आहेत. मुळाशी वाकवणारा जोर सर्वाधिक असतो आणि टोकाकडे तो शून्यापर्यंत उतरतो. त्याच बेताने या नळ्याही टप्प्याटप्प्याने संपत जातात, त्यामुळे जेथे धातूचे काम नाही तेथे त्याचे ओझेही उरत नाही. विमानांच्या इतिहासातील इतकी नेटकी तुळई क्वचितच पाहायला मिळते.

पंखाला पीळही पडतो आणि तो एकट्या तुळईला रोखता येत नाही. त्यासाठी तुळईच्या पुढे, पंखाच्या नाकाशी, जाड पत्र्याची बंद पेटी केलेली होती. मुळात ही जागा इंजिन थंड ठेवणाऱ्या वाफेच्या यंत्रणेसाठी राखलेली होती. ती यंत्रणा बाद झाली, पेटी मात्र राहिली, आणि पिळाला अडवण्याचे काम तिने चोख बजावले.

तरीही पुढे वेग वाढत गेले, तशी या ताठरतेचीही मर्यादा दिसू लागली. सुळकी मारताना ऐलरॉन, म्हणजे विमान एका बाजूला कलवण्यासाठी पंखाच्या मागच्या कडेला असलेली हलती फळी, खाली वळवले की हवेचा दाब पंखालाच पिळून त्याचे नाक खाली ढकलत असे, आणि वैमानिकाला हवा असलेला कल मिळेनासा होई. अखेर मार्क २१ या आवृत्तीसाठी पंखाची आतील रचना नव्याने करण्यात आली आणि त्याची पिळाविरुद्धची ताठरता सुमारे ४७ टक्क्यांनी वाढली.