घोडं पेंड खात राहिलं

(दृश्य: फोंडा तालुक्यातलं एक जुनं घर, चवथीची दुपार. बाहेर पागोळ्या. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, जमिनीवर रेक्झिनचा बुद्धिबळाचा पट.)

चवथीचे मोदक-नेवऱ्या झाल्या, आरती झाली, पाऊस काही थांबत नाही. अशा वेळी आमच्या घरी पट निघतो. सोंगट्या प्लास्टिकच्या, चाळीसेक वर्षांच्या. काळ्यांचा एक उंट कधीचाच हरवलेला, त्याच्या जागी काजूची बी. ही बी लक्षात ठेवा. पुढे तिच्याकडे काम आहे.

पटावर आज नवा डाव नाही, एक जुना डाव मांडलाय. १५ जानेवारी २०१३. स्थळ नेदरलँड्समधलं वाईक आन झे. पांढरी मोहरी आर्मेनियाच्या लेवॉन अरोनियनकडे, काळी विश्वनाथन आनंदकडे.

(दृश्य: उत्तर समुद्राचा राखाडी किनारा. मग कट करून मिरामारचा किनारा.)

वाईक आन झे हेही आपल्यासारखं समुद्रकाठचं गाव, फक्त जानेवारीत तिथे हाडं गोठतात आणि लोक वाटाण्याचं सूप पितात. मात्र गोव्याशी या डावाचं नातं थंडी-उन्हाच्या तुलनेपुरतं नाही. २००२ साली ज्युनियर गटाची जागतिक स्पर्धा गोव्यात झाली आणि ती जिंकली याच अरोनियनने. ज्युनियर जगज्जेता हा शब्द त्याच्या नावापुढे लागला तो इथे. दहा वर्षांनी तो २८०० रेटिंगच्या वर होता, जगातल्या पहिल्या तिघांत होता आणि समोर बसला होता खुद्द जगज्जेता. आनंदला तेव्हा त्रेचाळिसावं संपलं होतं. लोक दबक्या आवाजात म्हणू लागले होते की आता आनंद फक्त बरोबऱ्या करतो.

(दृश्य: पटावर पहिल्या चाली भराभर होतात.)

सुरुवात भराभर उरकू. सेमी-स्लाव्ह नावाची डाव उघडण्याची पद्धत, त्यातली मेरान शाखा. मेरान हे इटलीतलं गाव. १९२४ साली तिथे ग्रुनफेल्डविरुद्ध पोलंडच्या आकिबा रुबिन्स्टाइनने ही पद्धत खेळली, तेव्हापासून हे नाव चिकटलं. रुबिन्स्टाइन पुन्हा येणार आहे, म्हणून सांगून ठेवतोय.

अकरा चाली झाल्यात. (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८. घराचं नाव या दोन्हींवरून.) दोन्ही राजे किल्ल्यात. काळ्यांचे दोन्ही उंट, एक बी७ वर आणि एक डी६ वर, पांढऱ्या राजाच्या घराकडे टक लावून आहेत. बाराव्या चालीला अरोनियनचा घोडा जी५ वर उडी मारतो. एच७ च्या प्याद्यावर आता घोडा, उंट आणि त्यामागे वजीर असा तिघांचा डोळा. आनंद प्यादं वाचवायला जात नाही, शांतपणे सी६ चं प्यादं सी५ वर सरकवतो. घोडा एच७ चं प्यादं खातो.

माझ्या पुतण्याने इथे हात पुढे केला. "काका, घोडा मारू?"

मार की. काळ्या घोड्याने एच७ वर मारलं की पांढरा उंट शह देत तिथे मारतो, राजाचा कोट फुटतो आणि प्यादं गेलं ते गेलंच. आनंद तो घोडा मारत नाही. त्याचा स्वतःचा घोडा एफ६ वरून जी४ वर जातो, एच२ वर धमकी. अरोनियन एफ४ करून ती वाट बंद करतो. मध्यावर प्याद्यांची एक मारामारी होते, आणि पंधरावी चाल येते.

(दृश्य: हात काजूची बी उचलतो. डी६ वरून सी५ वर ठेवतो.)

उंट सी५. डी४ चं प्यादं समोर उभं आहे आणि उंटाला सरळ खाऊ शकतं. खाल्लं तर डी७ चा घोडा सी५ वर मारतो. डी पट्टी मोकळी होते, डी३ च्या पांढऱ्या उंटावर घोडा आणि वजीर दोघं एकदम येतात, वर डी४ वर वजिराचा शह लोंबकळत राहतो. अरोनियनने ते ओळखलं. त्याने उंट ई२ वर मागे घेतला आणि जी४ च्या घोड्यावर नेम धरला.

आता साधा माणूस घोडा हलवेल. आनंदने हलवला, पण दुसरा. डी७ चा घोडा ई५ वर. तिथे त्याला एफ४ चं प्यादं खातं, डी४ चंही खातं. सी५ चा उंट अजून डी४ च्या तोंडात. जी४ चा घोडा ई२ च्या उंटाच्या तोंडात. शिवाय एच७ वरचा पांढरा घोडा एफ८ च्या हत्तीवर जीभ चाटतोय. एकाच वेळी इतकं उघडं ताट वाढलेलं मी तरी दुसऱ्या डावात पाहिलेलं नाही.

(दृश्य: पट थांबतो. एक वेगळी वाट, हळू.)

समजा पांढऱ्याने एफ प्याद्याने ई५ चा घोडा खाल्ला. वजीर डी४ वर मारतो, शह. राजा कोपऱ्यात, एच१ वर. आणि मग वजीर जी१ वर, राजाच्या अगदी मांडीवर. सी५ च्या उंटाचा पहारा असल्यामुळे राजा त्याला मारू शकत नाही. मारायचं तर हत्तीनेच. हत्तीने मारलं की घोडा एफ२ वर. शह आणि मात. राजाच्या चहूबाजूंना त्याचीच माणसं, पळायला अर्धं घर नाही. अशी मात पुस्तकातल्या कोड्यांत भेटते. इथे ती जगज्जेत्याच्या डावात पडद्यामागे उभी होती. अरोनियनला ती दिसली, म्हणून ती पटावर आलीच नाही. मोठ्या खेळाडूंच्या डावातली सुंदर मात अशीच, बहुतेक न घडलेली.

अरोनियनने जी४ चा घोडा मारला. काळ्या उंटाने डी४ चं प्यादं मारून शह दिला, राजा कोपऱ्यात गेला, ई५ च्या घोड्याने जी४ वर मारलं. आणि आता पांढऱ्या घोड्याने हत्ती खाल्ला. एफ८.

घोडं इथेच पेंड खातं.

पुतण्या आता गप्प बसेना. "काका, आता तरी मारा. राजानेच मारा."

आनंदने मारलं नाही. एकोणिसावी चाल, एफ५, एक प्यादं दोन घरं पुढे. पांढऱ्या वजिराची सी२ वरून एच७ कडे जाणारी तिरकी रेघ बंद झाली, जी४ च्या घोड्याला पाठबळ मिळालं, आणि काळा वजीर एच४ वर यायला मोकळा. माझ्या मते डावातली सर्वांत थोर चाल हीच. घोडा ई५ वर ठेवणं डोळ्यांत भरतं, पण हत्ती गमावून, तो खाणारा घोडा शेजारच्या घरात उभा असताना त्याच्याकडे ढुंकून न बघणं, याला वेगळीच छाती लागते. त्या घोड्याला बिचाऱ्याला पुन्हा धावावं लागलं, एच४ राखायला जी६ वर. वजीर एफ६ वर आला. पांढऱ्याने एच३ केलं. आणि तेव्हा, एकविसाव्या चालीला, वजिराने तो घोडा निवांत उचलला. एच७ वर प्यादं खाल्ल्यापासून आठ चाली तो काळ्यांच्या घरात पाहुणचार झोडत होता.

यातलं बरंच आनंदने २०१२ च्या गेल्फांडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी घरी तयार केलं होतं. काहींना यामुळे डाव थोडा फिका वाटतो. मला वाटत नाही. तयारी घरची असली तरी महिन्यांनंतर ती आठवून पटावर उतरवायला माणूस तिथे बसलेलाच लागतो.

(दृश्य: जुन्या धाटणीची लाकडी सोंगट्यांची मांडणी.)

जाणकारांना लगेच रुबिन्स्टाइन आठवला. १९०७, पोलंडमधलं लोद्झ, रॉटलेवीविरुद्धचा डाव. तिथेही काळी मोहरी, तिथेही दोन उंट दोन लांब तिरप्या रेघांवर पांढऱ्या राजावर रोखलेले, तिथेही घोडा जी४ वर. रुबिन्स्टाइनने तर वजीरच मारू दिला आणि वर दोन हत्ती प्रतिस्पर्ध्याच्या घरात नेऊन ठेवले. पंचविसाव्या चालीला रॉटलेवी संपला. शंभराहून अधिक वर्षांनी तीच रचना पुन्हा फुलली.

(दृश्य: परत माटोळीखालचा पट. शेवटची स्थिती.)

बाविसाव्या चालीला काळा वजीर एच५ वर येतो. एच३ चं प्यादं आता जी४ चा घोडा मारू शकत नाही, कारण ते हललं की एच पट्टीत राजावर शह. जी२ चं प्यादंही हलू शकत नाही, बी७ च्या उंटाने ते राजाला खिळवलंय. एच३ वर वजीर पडला की मात. अरोनियन आपला वजीर डी३ वर आणतो. तिसऱ्या ओळीतून तो एच३ ला धरून ठेवतो.

मोहरी मोजली तर पांढऱ्याकडे एक हत्ती जास्त, काळ्याकडे एक उंट जास्त. म्हणजे हिशेबाने पांढराच पुढे. फक्त त्याचा ए१ चा हत्ती आणि सी१ चा उंट अख्ख्या डावात एकदाही घरातून बाहेर पडलेले नाहीत.

(दृश्य: काजूची बी. डी४ वरून ई३ वर. बाकी आवाज बंद, फक्त पाऊस.)

तेविसावी चाल. उंट ई३. शह नाही, मार नाही. तो फक्त वजीर आणि एच३ यांच्या मध्ये जाऊन बसला, आणि जाता जाता जी१ चं घरही राखून गेला.

पुतण्याने पांढरा वजीर उचलला, बी मारायला. मग जी४ चा घोडा त्याला दिसला, तो ई३ वर वजिराला मारणार. त्याने वजीर ठेवला. सी१ चा उंट उचलला. मग परत डी३ कडे पाहिलं, एच३ कडे पाहिलं. आपल्याच उंटाने वाट अडणार होती. उंट हातात धरून तो बराच वेळ तसाच बसला.

अरोनियनने तिथेच डाव सोडला.