बोटीच्या ट्रॉलीला रंग मारण्याआधी

(मालवणात पावसाळ्याच्या तोंडावर बोटवाल्यांपुढे केलेलं भाषण, थोडं सावरून)

नमस्कार मंडळी. साडेपाचला पाणी भरतंय आणि तुमच्यातल्या निम्म्या लोकांना बोटी वर घ्यायला जायचंय, हे मला आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळे लगेच सुरू करतो. विषय दिलाय बोट ओढायच्या जुन्या ट्रॉलीला रंग कसा मारायचा आणि गंज कसा थांबवायचा. पण रंगाचं शेवटी सांगणार, कारण माझं ठाम म्हणणं आहे की आपल्या ट्रॉल्या मिठाने मरतात, आणि ते मीठ आपणच दरवर्षी रंगाखाली बंद करून ठेवतो.

माझ्या ट्रॉलीचं ऐका. सतरा फुटी फायबर बोटीची, बॉक्स सेक्शनची म्हणजे चौकोनी पोकळ पाईपची, सेकंडहँड घेतलेली. एका मे महिन्यात रंगाऱ्याला पूर्ण पैसे मोजून रंगवून घेतली. त्याने वायर ब्रश मारला, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले, वर निळा ऑइल पेंट, आणि ट्रॉली अशी दिसायला लागली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. एकच गोष्ट केली नाही, धुतली नाही. मी विचारलं होतं, तर म्हणाला ब्रश मारलाय ना, सगळं निघालं. दिवाळीत बघतो तर मडगार्डच्या खाली तांदळाएवढे फोड. एक नखाने फोडला, आतून पाण्याचा थेंब आला. जिभेला लावून बघितला तर खारट! ट्रॉली तेव्हा चार महिने मांडवाखाली कोरडी उभी होती हो, समुद्राला लागलीच नव्हती. मग खारं पाणी आलं कुठून? मीठ रंगाखाली आधीपासून होतं, आणि पावसाळ्यातल्या हवेची ओल त्याने रंगातूनच आत ओढून घेतली. रंग हा काही काचेसारखा बंद नसतो, वाफ त्यातून हळूहळू आत जातेच.

पण खरा धक्का पुढे होता. त्याच सीझनला ट्रॅक्टरने बोट वर ओढताना एक्सलचा ब्रॅकेट चासीपासून, म्हणजे खालच्या सांगाड्यापासून, फाटला. बोटीत कोणी नव्हतं म्हणून निभावलं. घरी आणून चासीच्या खालच्या बाजूला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला, आणि बाहेर काढला तशी ओली वाळू, गंजाचे पापुद्रे आणि शिंपल्यांचा चुरा भुरूभुरू खाली पडायला लागला. ओंजळभर असेल. वरून निळा रंग शाबूत! म्हणजे पत्रा आतून खाल्ला जात होता आणि आम्ही दोघं बाहेरून रंगाची चर्चा करत होतो. त्या रंगाऱ्यावर माझा राग अजून आहे, कारण त्याला कामाची माहिती होती, धुवायला फक्त एक दिवस जास्त लागला असता.

यातून मी शिकलो ते सांगतो. बॉक्स सेक्शनची ट्रॉली पाण्यात गेली की कुठल्यातरी भोकातून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाटच नसते. म्हणून सगळ्यात खालच्या जागी ड्रेन होल म्हणजे पाणी निघायचं भोक हवं, हाताचं बोट जाईल एवढं, आणि प्रत्येक वापरानंतर त्यातून गोड्या पाण्याचा पाईप लावायचा, बाहेर स्वच्छ पाणी येईपर्यंत. काही जण आत जळकं ऑइल ओततात, कृपा करून ते करू नका, पुढच्या लाँचिंगला ते सगळं आपल्याच किनाऱ्यावर तरंगतं.

आणखी एक, रंगाशी संबंध नाही पण बोलल्याशिवाय राहवत नाही. लांबून ट्रॉली ओढत आणली की हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, तापलेला असतो. तसाच पाण्यात घातला तर आतली हवा एकदम आकसते आणि ऑइल सीलमधून खारं पाणी आत खेचलं जातं, बेअरिंग तिथेच संपलं. चहा प्या, हब हाताला गार लागू दे, मग उतरवा.

जुनं लोखंड घासताना मास्क लावा. पूर्वी लोखंडाला शेंदराचा प्रायमर मारायचे, त्या शेंदरात शिसं असतं, आणि ग्राइंडरने त्याची धूळ थेट छातीत जाते. मागून काका विचारतायत गंजावर लावायचं ते काळं औषध चांगलं का. काका, त्यातल्या बऱ्याच औषधांत टॅनिन असतं, तेच आपल्या हिरड्याच्या फळात असतं, हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळून काळी शाई करायचे ना, तीच क्रिया. पातळ गंजावर चालतं. पण पोपड्यावर ओतलं तर वरचा थर काळा होतो आणि खाली गंज चालूच राहतो.

पाच वाजून दहा झाले, खुणा होतायत, तर आता रंगाचं भरभर सांगतो. आधी बोट, रोलर, लाकडी फळ्या, लायटी सगळं काढा. हातोडीने ठोकत जा, खणखणीत आवाज आला तर पत्रा आहे, बद्द आला तर तो तुकडा कापून नवा वेल्ड करा, त्यावर लांबी (पुट्टी) भरू नका. मग गोडं पाणी, साबण आणि ब्रश, घासण्याच्या आधी, कारण ग्राइंडरचा वायर कप मीठ खड्ड्यांत दाबून बसवतो. मग घासा, परत धुवा, सुकवा, आणि एक रात्र तशीच ठेवा. सकाळी जिथे काळपट ओले ठिपके दिसतील तिथे मीठ आहे, तेवढी जागा पुन्हा धुवायची. ही एक रात्र कोणी देत नाही, आणि सगळं काम तिथेच बिघडतं.

प्रायमर घेताना, झिंकवाला म्हणजे जस्ताचा प्रायमर चमकत्या कोऱ्या लोखंडालाच चिकटून काम करतो, म्हणजे ब्लास्टिंग केलं असेल, हवेच्या जोराने बारीक खडीचा मारा करून लोखंड साफ केलं असेल, तरच. तत्त्व जुनं आहे, जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं. हाताने घासलेल्या ट्रॉलीला टू-पॅक इपॉक्सी मास्टिक, म्हणजे दोन डबे मिसळून लावायचा जाड रंग, बरा. आधी कडा आणि वेल्डवर ब्रशने एक हात, कारण धारेवरून रंग ओघळून पातळ होतो, मग सगळीकडे दोन हात. इपॉक्सी उन्हात भुकटी सोडतो म्हणून वर उन्हात टिकणारा पॉलीयुरेथेन रंग. हवेत दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडूच नका, आपल्याकडे मेमध्ये पहाटे तर नाहीच, ऊन वर आल्यावर सुरू करून चारच्या आत आटपा.

खर्च झेपत असेल तर चासी गॅल्व्हनाइझ करून घ्या, साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, आतून बाहेरून दोन्ही. पण पाठवण्याआधी प्रत्येक बंद पाईपला भोकं पाडा. आत पाणी अडकलं असेल तर त्या उष्णतेत वाफ होऊन पाईप फुटतो, तिथल्या माणसांच्या जिवावर बेततं. आणि गॅल्व्हनाइझ झाल्यावर त्यावर वेल्डिंग करायची वेळ आली तर त्या जागेचं जस्त आधी घासून काढा आणि उघड्यावर करा, तो पांढरा धूर अंगात ताप भरवतो.

ड्रेन होलचं मात्र पावसाळा लागायच्या आधी बघा. आज बोटी वर घेताच आहात, ट्रॉलीच्या खाली वाकून त्या भोकात एकदा हाताचं बोट फिरवा, वाळूने बुजलेलं असेल तर खिळ्याने मोकळं करा. चला, पाणी चढायला लागलंय.