नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार

नमस्कार श्रोतेहो.

फुटबॉलची ईर्ष्या म्हणजे काय, हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांची मॅच शाहू स्टेडियमवर लागली की पोरगं कुठल्या पेठेत जन्मलं, यावरच ते कुणाच्या नावानं ओरडणार हे ठरलेलं असतं. मी शिवाजी पेठेतला. ही ईर्ष्या अंगात घेऊनच मी 2002 साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकायला गेलो. गाव ॲन आर्बर. आज मी तुम्हाला तिथल्या कॉलेजच्या टीमबद्दल सांगणार आहे. तो फुटबॉल आपला नव्हे, पण ईर्ष्या मात्र मला लगेच ओळखू आली.

खेळ थोडक्यात सांगतो. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. अकरा विरुद्ध अकरा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, म्हणजे साधारण तीस फूट. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडं. चेंडू घेऊन पलीकडच्या शेवटच्या पट्ट्यात पोचलात की टचडाऊन, सहा गुण. आणि तीन प्रयत्नांत काही साधलं नाही, तर चौथ्याला चेंडू लाथ मारून लांब भिरकावून द्यायचा. त्याला पंट म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता मैदान. ॲन आर्बरची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. आणि तिथल्या मिशिगन स्टेडियममध्ये माणसं बसतात 1,07,601. अमेरिकेत याहून मोठं स्टेडियम नाही. 1927 साली ते बांधून झालं फील्डिंग योस्ट या माणसाच्या हट्टापायी. हा आधी टीमचा कोच होता, पुढं विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचा प्रमुख झाला. त्याचं वेगळेपण असं की स्टेडियम वर चढवण्याऐवजी त्यानं बरंचसं जमिनीत उतरवलं. मी होतो तेव्हा रस्त्यावरून बघितलं तर एवढं मोठं काही आत आहे असं वाटायचंच नाही. फाटकातून आत गेलं की पायाखाली एकदम खोल, रुंद खळगा उघडायचा आणि तळाशी हिरवं मैदान. मला पहिल्यांदा खासबाग आठवलं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या त्या कुस्तीच्या मैदानातही सगळ्यांत मागं बसलेल्या माणसाला हौदातला पैलवान स्वच्छ दिसतो, कारण बैठक उतरत उतरत हौदापर्यंत जाते. तीच अक्कल इथंही.

त्या 1,07,601 मधला शेवटचा एक कुठला, असं मी विचारलं होतं. वर्षानुवर्षं इथल्या क्षमतेच्या आकड्याच्या शेवटी एकच असतो. ती जादाची जागा फ्रिट्झ क्रिस्लर या जुन्या कोचच्या मानाची. खेळाडूंच्या निळ्या हेल्मेटवर पिवळे पंख काढायचं 1938 मध्ये त्यानंच सुरू केलं. त्याची जागा नेमकी कुठली, हे कुठंही लिहिलेलं नाही. तो कुठंही बसलेला असू शकतो, अशी समजूत आहे. मला ही रीत फार आवडते. पुतळा उभारण्यापेक्षा माणसांत एक जागा राखून ठेवली.

बहुतेक ठिकाणी बसायला खुर्च्या नाहीत, ॲल्युमिनियमचे लांब बाक आणि त्यांवर आकडे. सप्टेंबरात सदऱ्यावर आलेली माणसं आपापल्या आकड्यात मावतात. नोव्हेंबरात तीच माणसं जाड कोट घालून येतात आणि मग एकेका बाकावर दोन-तीन जणांची जागाच नाहीशी होते. अर्धे बाजू तिरकी करून बसतात. 8 नोव्हेंबर 1975 पासून आजवर इथल्या प्रत्येक मॅचला लाखाच्या वर माणूस आलेला आहे. अपवाद फक्त 2020 सालच्या कोरोनाचा.

नेहमीचा हंगाम सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि नोव्हेंबरअखेर संपतो. बारा मॅच, बहुतेक शनिवारी. त्यांतल्या नऊ ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या संघटनेतल्या टीमांशी. नावात दहा, पण 2024 पासून सभासद अठरा. पार कॅलिफोर्नियातली दोन विद्यापीठं आत घेतली. टीव्हीच्या पैशासाठी हे झालं, आणि मला ते पटलेलं नाही. दोन-अडीच हजार मैलांवरच्या टीमशी ईर्ष्या रुजायला पिढ्या जाव्या लागतात. शेजारची टीम वेगळीच. त्याच राज्यातल्या मिशिगन स्टेटशी गाठ पडते तेव्हा एकाच घरात दोन रंगांचे सदरे असतात. मिनेसोटाशी खेळतात ते एका बरणीसाठी. 1903 साली योस्टला तिथलं पाणी नको होतं, म्हणून तीस सेंटला एक बरणी विकत घेतली होती. मॅच 6-6 बरोबरीत सुटली, गर्दी मैदानात घुसली आणि बरणी मागंच राहिली. हवी असेल तर जिंकून न्या, असा निरोप आला. आज एकशे वीस वर्षं झाली, जिंकेल तो ती बरणी घरी नेतो.

पण वर्ष मोजलं जातं ते एकाच शनिवारानं. नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार, समोर शेजारच्या ओहायो राज्यातलं विद्यापीठ, ओहायो स्टेट. तिथं या मॅचला नावच नाही. नुसतं ‘द गेम’ म्हणतात, आपण ‘वारी’ म्हटल्यावर कुठली ते विचारत नाही, तसं. भांडण खेळाच्याही आधीचं. 1835 साली सरहद्दीवरच्या टोलेडो गावाच्या पट्ट्यावरून मिशिगन आणि ओहायो दोन्हीकडची शिबंदी समोरासमोर आली होती. गाव ओहायोला गेलं आणि मिशिगनला बदल्यात उत्तरेचा जंगलाचा मुलूख मिळाला. पहिली मॅच 1897 ची. 1918 पासून दर वर्षी, पुन्हा 2020 तेवढं सोडून. 1935 पासून ती बहुतेक वर्षी हंगामाच्या शेवटालाच असते.

22 नोव्हेंबर 2003. ओहायो स्टेटशी शंभरावी मॅच, 1,12,118 माणसं, आणि मी विद्यार्थ्यांच्या भागात जागा न मिळाल्यामुळं वरच्या कोपऱ्यात. शेजारी पंचाहत्तरीचे एक आजोबा. गळ्यात जुनी दुर्बीण आणि कानाला छोटा रेडिओ. मॅच डोळ्यांसमोर चाललेली असताना रेडिओ कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, डोळ्याला दिसतं ते कानानं ऐकलं की पक्कं होतं. मी आज तुमच्याशी रेडिओवरून बोलतोय, त्यामागं हे वाक्य आहे.

आजोबा 1950 साली तिथं विद्यार्थी होते आणि त्या वर्षी 25 नोव्हेंबरला मॅच बघायला ओहायोतल्या कोलंबसला गेले होते. त्या दिवशी हिमवादळ आलं. थंडी उणे बारा अंशांच्या आसपास, वारा सुसाट. मैदानावरची ताडपत्री जमिनीला गोठून चिकटलेली. ती सोडवायला बाकांवरची माणसं खाली उतरली. रेषा दिसेनात, मग झाडूनं झाडायच्या. आणि बर्फात ओला चेंडू हातात ठरेना. चेंडू निसटला तर जवळच समोरच्याच्या ताब्यात जाणार. म्हणून दोन्ही टीमांनी ठरवलं, चेंडू आपल्याकडं नकोच. पहिल्याच प्रयत्नाला पंट. मिशिगननं 24 वेळा, ओहायो स्टेटनं 21 वेळा. मिशिगनच्या पोरांना अख्ख्या मॅचमध्ये एकदाही दहा यार्ड सलग सरकता आलं नाही, एक पास हातात बसला नाही, सगळी मिळून चाल 27 यार्ड. तरी जिंकले, 9-3. दोन्ही वेळा गुण आले ते समोरच्याचा पंट छातीवर अडवून. मध्यंतराला 47 सेकंद उरलेले असताना टोनी मॉम्सेननं पंट अडवला आणि चेंडू शेवटच्या पट्ट्यात अंगाखाली घेतला. आजोबा हे सांगताना दोन्ही हात पोटाशी धरून पुढं वाकले होते. त्रेपन्न वर्षं झाली होती, पण तो चेंडू त्यांच्या कोटाच्या आतच होता.

त्या हरण्यावरून ओहायोच्या कोचवर एवढी टीका झाली की त्यानं राजीनामा दिला. त्याच्या जागी आला वुडी हेज. आणि त्या हेजच्या हाताखाली तयार झालेला बो शेंबेक्लर 1969 मध्ये मिशिगनचा कोच झाला. म्हणजे गुरू तिकडं, चेला इकडं. आदल्या वर्षी मिशिगन 50-14 असं हरलं होतं. बोनं सरावात समोर उभ्या राहणाऱ्या पोरांच्या छातीवर 50 हाच आकडा लावला. ओहायो स्टेट सलग 22 मॅच जिंकून आली होती, देशात पहिल्या नंबरची. मिशिगननं तिला 24-12 पाडलं. पुढची दहा वर्षं या दोघांची झुंज चालली. बो पाच जिंकला, हेज चार, एक बरोबरी.

ती बरोबरीच जास्त लागली. 1973, दोघेही न हरलेले, मॅच 10-10. त्या काळी बिग टेनमधून एकच टीम रोझ बोलला, म्हणजे हंगामानंतर नववर्षाला होणाऱ्या मानाच्या मॅचला जाई, दुसरीनं घरी बसायचं. कोण जाणार, हे दुसऱ्या दिवशी विद्यापीठांच्या खेळप्रमुखांनी मतदानानं ठरवलं, आणि पाठवलं ओहायो स्टेटला. मिशिगनच्या क्वार्टरबॅकचं, म्हणजे चाल सुरू करून चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचं, खांद्याचं हाड मोडलं होतं, हेही एक कारण निघालं. न हरता घरी बसलेली ती पोरं आता सत्तरी ओलांडलेली आहेत. मला हा निकाल आजही अन्यायाचाच वाटतो.

आजोबांच्या रेडिओच्या निमित्तानं मला बॉब युफर कळला. हा माणूस 1945 पासून 1981 पर्यंत मिशिगनच्या मॅच रेडिओवर सांगत होता. स्वतः तिथलाच धावपटू. तटस्थ राहायचं त्यानं कधी सोंग केलं नाही. टचडाऊन झाला की भोंगा तीनदा वाजवायचा, आणि भोंगा दुसऱ्या महायुद्धातल्या जनरल पॅटनच्या जीपचा म्हणून सांगायचा. 1979 मध्ये इंडियानाशी 21-21, शेवटचा डाव, वेळ संपत आलेली. अँथनी कार्टरनं चेंडू घेतला, दोघांच्या मधून वळला आणि पोचला. त्या वेळचा युफरचा आवाज मी ध्वनिमुद्रणात कितीदा ऐकलाय. शब्द संपतात, नुसता आवाज उरतो, मग भोंगा. निवेदन कसं करू नये, असं कुणी त्याला म्हणेल. मला त्याच्याइतका प्रामाणिक निवेदक दुसरा माहीत नाही.

देशाच्या विजेतेपदांचा हिशोब विद्यापीठ बारा धरतं. पहिली चार योस्टच्या काळची, 1901 ते 1904. 1901 च्या टीमनं सगळ्या हंगामात 550 गुण केले आणि एकही दिला नाही. पहिल्या रोझ बोलमध्ये स्टॅनफर्डला 49-0 हरवलं, तेव्हा स्टॅनफर्डनं आठ मिनिटं आधीच मैदान सोडलं. 1997 चं विजेतेपद नेब्रास्काबरोबर वाटून घ्यावं लागलं, कारण तेव्हा विजेता मतांनी ठरायचा, पत्रकारांचं एक मत आणि कोचांचं दुसरं. बारावं 2023 चं, हंगामानंतरच्या जादा मॅच धरून पंधरापैकी पंधरा जिंकून. त्याच हंगामात हजारावा विजय, कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यांच्या आधी. समोरच्या टीमा चाल कळवायला ज्या खुणा करतात, त्या चोरून टिपल्याचं प्रकरण त्याच वर्षी निघालं. कोच जिम हार्बो याला काही मॅच बाहेर बसावं लागलं, आणि पुढं विद्यापीठाला जबर दंडही झाला. विजेतेपद काढून घेतलं नाही. मला त्या टीमचा अभिमान आहे, आणि तो डागही मी लपवणार नाही.

त्याहून जुना एक डाग आहे. 1934 साली जॉर्जिया टेकची टीम ॲन आर्बरला आली आणि तुमचा कृष्णवर्णीय खेळाडू विलिस वॉर्ड मैदानात असेल तर खेळणार नाही म्हणाली. मिशिगननं त्याला बाहेर बसवलं. त्याचा दोस्त, टीममधला सेंटर, म्हणजे रांगेत मधोमध खेळणारा, इतका चिडला की आपणही खेळू नये असं त्याच्या मनात होतं. त्याचं नाव जेराल्ड फोर्ड, पुढं अमेरिकेचा अध्यक्ष. त्या अख्ख्या हंगामात मिशिगननं ती एकच मॅच जिंकली. तेवढी एक जिंकून काय मिळवलं, असं मला दर वेळी वाटतं.

17 नोव्हेंबर 2006 ला बो शेंबेक्लर गेला. दुसऱ्या दिवशी द गेम होती, आणि पहिल्यांदाच नंबर एक आणि नंबर दोन समोरासमोर. आदल्या गुरुवारी तो टीमशी बोलून आला होता. कोलंबसच्या स्टेडियममध्ये, त्या लाखभर विरोधकांनी, त्याच्यासाठी शांतता पाळली. मग मॅच झाली आणि ओहायो स्टेटनं 42-39 जिंकली. मी तेव्हा कोल्हापुरात परत आलो होतो, इंटरनेटवरून रेडिओ ऐकत होतो. शांततेच्या त्या वेळात माझ्या खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

पुढं बरीच वर्षं आम्ही हरत राहिलो. 2021 ला बर्फ पडत असताना ॲन आर्बरमध्ये 42-27 जिंकलो, मग सलग आणखी तीनदा. 2025 ला पुन्हा हरलो, 27-9.

तिथं मॅच दुपारी बाराला सुरू होते, तेव्हा आपल्याकडं रात्रीचे साडेदहा. त्या शनिवारी मी जेवण लवकर उरकतो, टीव्ही असूनही फोनवर रेडिओ लावतो आणि कानाला धरतो. धाकट्या पोरानं गेल्या वर्षी विचारलं, बाबा, आपली पेठ कुठली म्हणायची मग? मी म्हटलं, शिवाजी. आणि बाजूला सरकून त्याला गादीवर जागा करून दिली.