डाव्या पायाचं काम

(पडद्यावर: पायमोजा घातलेला डावा पाय आणि ब्रेक पेडल. बाकी अंधार.)

पुण्यात गाडी शिकलेल्या माणसाच्या डाव्या पायाला एकच नोकरी ठाऊक असते, क्लचची. संध्याकाळी सातला स्वारगेटहून कात्रजला जाऊन बघा, पोटरी भरून येते. ब्रेक हे उजव्या पायाचं खातं.

इथे, म्हणजे घरात बसून पडद्यावर गाडी पळवायच्या सिम रेसिंगमध्ये, उलटं आहे. ब्रेक डाव्या पायानं मारायचा. सरळ रस्ता संपताना पन्नास-साठ किलोचा जोर एका झटक्यात लावायचा आणि गाडी वळणात शिरत असताना तो हळूहळू काढून घ्यायचा. पाय एकदम उचलला तर पुढच्या टायरांवरचा भार जातो आणि गाडी वळायचं नाव घेत नाही. जोर रेंगाळला तर मागची चाकं सुटतात. शर्यतीतला वेळ कमावला जातो तो बहुतेक इथेच. बघणाऱ्याचं लक्ष मात्र स्टिअरिंगकडे असतं.

या पेडलच्या आत लोड सेल, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर आहे. वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तोच. साधं पेडल मोजतं पाय किती खाली गेला ते, आणि हे मोजतं पाय किती जोरात दाबला ते. अंतरापेक्षा जोर पायाच्या जास्त लक्षात राहतो. म्हणून सिम रेसिंगवाले नव्या पोराला पहिला सल्ला देतात: स्टिअरिंग नंतर बघ, आधी पेडल घे.

(पडद्यावर: कोथरूड. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आतली खोली. लोखंडी फ्रेम, सीट, स्क्रीन.)

ही खोली अशाच एका सिम रेसिंग करणाऱ्या पोराची. फ्रेम भोसरीत एका फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइप वेल्ड करून घेतलेली. सीट कुठल्याशा हॅचबॅकची, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून रविवारी आणलेली. विकणाऱ्यानं विचारलं, "गाडी कुठलीये?" पोरगा म्हणाला, "गाडी नाहीये काका, नुसती सीट पाहिजे." काकांनी भाव वाढवला म्हणे.

खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी महिनाभर सोसलं आणि एका सकाळी जिन्यात गाठलंच. "काय रे, रात्री अकराला दळण कसलं दळतोस?" त्या दिवसापासून फ्रेमखाली रबरी मॅट आहे.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो.

मोटरस्पोर्टमध्ये एरवी देश मागच्या बाकावर असतो. शर्यत संघांची, गाडीच्या कंपन्यांची आणि प्रायोजकांची. देशाचा झेंडा हेल्मेटच्या कडेला नाहीतर ओव्हरऑल्सच्या पट्ट्यावर, तोही छोटा. एफआयए, म्हणजे मोटरस्पोर्टची जागतिक संघटना, हिनं २०१९मध्ये हे उलटं करून बघितलं. इटलीत रोमजवळच्या व्हॅलेलुंगा सर्किटवर पहिले मोटरस्पोर्ट गेम्स झाले. पदकं देशांच्या नावावर, ऑलिंपिकसारखी. जीटी गाड्या, फॉर्म्युला फोर, ड्रिफ्ट, कार्टिंग स्लालम यांच्या बरोबरीनं एक शर्यत पडद्यावरची होती. 'ग्रान तुरिस्मो स्पोर्ट' या खेळावर झालेल्या त्या डिजिटल कपचं सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या कोडी निकोला लाटकोव्स्कीनं नेलं. पेट्रोल न जाळता मिळालेलं ते पदकही देशाच्या तक्त्यात इतर सुवर्णांइतकंच मोजलं गेलं.

पुढची खेप कोविडमुळे लांबत लांबत २०२२मध्ये फ्रान्सला झाली, नंतरची २०२४मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सियाला. फ्रान्समध्ये खेळ बदलून 'असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओने' आला होता. या खेळात ट्रॅक लेझरनं मोजून उतरवलेले आहेत. डांबराचे उंचवटे, कडेच्या पट्ट्यांचा चढ, सगळं हाताला लागतं.

'ग्रान तुरिस्मो'चा नेशन्स कप, म्हणजे देशाच्या नावावर खेळायची स्पर्धा, या गेम्सहूनही जुनी. २०१८ला मोनॅकोत ती ब्राझीलच्या इगोर फ्रागानं जिंकली आणि २०२०मध्ये हाच फ्रागा खऱ्या फॉर्म्युला थ्री गाडीत बसला होता. आमच्या कोथरूडच्या पोराच्या भिंतीवर एकच फोटो आहे, तो याचा.

(पडद्यावर: वेताळ टेकडी. खाली एआरएआयचं आवार. मग चाकणचा रस्ता, गाड्या लादलेले कंटेनर.)

एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था पुण्यात १९६६पासून आहे. आकुर्डीत बजाज, पिंपरीत टाटा, चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगन. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं दरवर्षी स्वतःची रेसिंग गाडी बांधतात. एवढं असून त्या गाडीला मोकळं पळायला सर्किट नाही. कार्टिंग करायचं तर कोल्हापूर आहे. मोठ्या ट्रॅकसाठी चेन्नई, कोइमतूर नाहीतर ग्रेटर नोएडा, म्हणजे हजार किलोमीटरच्या पलीकडे. ज्या शहराच्या पोटापाण्यात चाकं आहेत, त्यानं एक ट्रॅक बांधू नये याचं आम्हाला नवल वाटतं. असो.

तेव्हा खोलीतला ट्रॅक. 'घरबसल्या कुणीही जगाशी शर्यत करू शकतं' हे वाक्य ऐकायला छान आहे, पण पुरतं खरं नाही. बऱ्यापैकी स्टिअरिंग आणि लोड सेलची पेडल घेतली की खर्च लाखाच्या घरात जातो. त्यात इंटरनेट. संदेश जाऊन यायला ०.२ सेकंद लागले, तर ताशी १८० किलोमीटरनं पळणारी गाडी तेवढ्यात १० मीटर पुढे गेलेली असते. दोन गाड्यांच्या लांबीहून जास्त! शेजारी दिसणारा प्रतिस्पर्धी प्रत्यक्षात कुठे आहे याचा संगणक अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकला की टक्कर होते. मग दंड कुणाला, यावर वाद. लाईट जायचं वेगळंच. खोलीच्या कोपऱ्यात यूपीएस आहे, त्यावर हळदीकुंकवाचं बोट उमटलंय. दसऱ्याचं.

ऑगस्ट २०२५मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे पडद्यावरच्या स्पर्धांना, खेळ म्हणून वेगळी मान्यता मिळाली. नातेवाइकांना हा फरक समजावताना घरच्यांचा घसा बसतो. "रमीसारखंच ना ते?" असं विचारणारे मामा प्रत्येक घरात असतात.

(पडद्यावर: पुन्हा खोली. रात्र.)

पण खरी मेख पुढे आहे. मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी घरून होत नाही. तिथे बोलावतात, आयोजकांच्या रिगवर, म्हणजे फ्रेम, सीट, स्टिअरिंग, पेडल अशा सगळ्या सरंजामावर बसवतात, सगळ्यांना सारखं स्टिअरिंग, सारखी पेडल. न्याय म्हणून हे योग्यच. पण वर्षभर ज्या पायानं भोसरीच्या फ्रेमवरचा एक ब्रेक पाठ केला, त्याच्यासमोर अचानक परका ब्रेक येतो. जोर कुठवर लावायचा, चाक कुठे लॉक होतं, हे सरावाच्या मोजक्या वेळात नव्यानं शोधायचं. घरी सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी भांडणारे तिथे पहिल्याच वळणावर वाळूत जातात.

यावर पोरानं काढलेला उपाय साधा आहे. शनिवारी तो आपला रिग सोडून दुसऱ्याच्या रिगवर बसतो. गेल्या शनिवारी वाकडला एका मित्राकडे होता. तिथला ब्रेक इतका कडक, की पहिले दहा लॅप गाडी वळणाबाहेरच जात होती. येत्या शनिवारी चिंचवड. तिथला म्हणे लोण्यासारखा मऊ आहे.